मालक गेला, क्लब गेला

२००६ साली मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. गोव्याचे डेरिक परेरा तेव्हा प्रशिक्षक होते. त्याच मोसमात संघाने फेडरेशन चषकही घेतला होता आणि कोलकाता, गोवा, पंजाब अशा ठरलेल्या घरांतून महाराष्ट्राने हे विजेतेपद प्रथमच आपल्याकडे आणले होते. चार वर्षांनी, २०१० मध्ये, हा संघ बंद झाला. तो खालच्या गटात घसरला नव्हता, की त्याच्या मागची कंपनी बुडाली नव्हती. कंपनीने धोरण बदलले. वरिष्ठ संघावर होणारा खर्च यापुढे शालेय आणि तळागाळातल्या फुटबॉलवर करायचा, असे ठरले आणि १९६२ पासून चालत आलेला संघ एका मोसमाच्या अखेरीस संपला. पुढच्या नऊ वर्षांत भारत एफसी, पुणे एफसी, डीएसके शिवाजियन्स, मुंबई एफसी आणि एफसी पुणे सिटी हे आणखी पाच संघ राष्ट्रीय पातळीवरून दिसेनासे झाले. महाराष्ट्रात क्रिकेटपुढे फुटबॉलला पैसा मिळत नाही, असे याचे कारण सहज सांगितले जाते. पण या संघांमागे महिंद्रा, कल्याणी, पिरामल, डीएसके, एस्सेल, वाधवान अशी नावे उभी होती. पैशाची वाण असलेल्यांची ही यादी नव्हे. मला या इतिहासातून वेगळाच निष्कर्ष निघताना दिसतो. पैसा होता, पण तो क्लबचा नव्हता. मैदान होते, तेही क्लबचे नव्हते. आणि ज्यांनी वरच्या गटातली जागा खेळून न मिळवता पैसे भरून घेतली, ते सर्वांत कमी टिकले.

या अवस्थेची मुळे जुनी आहेत. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिली कित्येक वर्षे तो गोऱ्या पलटणींमध्येच फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने तो जिंकून ही परंपरा मोडली. पुढे १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी तो नेला. कूपरेजवर गर्दी होत होती, पण मुंबईचे स्वतःचे संघ बहुतांशी खात्यांचे आणि कंपन्यांचे होते: टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया, आरसीएफ. खेळाडूला नोकरी मिळायची, सकाळी सराव आणि दुपारी कचेरी. निवृत्तीपर्यंत पगाराची हमी असायची. त्या काळात ही व्यवस्था खेळाडूच्या दृष्टीने अत्यंत सोयीची होती आणि तिने शेकडो घरे चालवली, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिचा ताळेबंद पाहिला तर संघ हा कंपनीच्या कल्याण विभागातला एक खर्च होता. त्याला तिकिटांच्या उत्पन्नाची गरज नव्हती, सभासदांची गरज नव्हती, स्वतःच्या मैदानाची तर नव्हतीच. ज्याला प्रेक्षकांकडून काही घ्यायचे नसते, तो प्रेक्षकांना काही देणेही लागत नाही. म्हणून मुंबईत फुटबॉल रुजले तरी अमुक संघ आमचा, असे म्हणणारा मोहल्ला त्या संघांभोवती तयार झाला नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आणि २००७ मध्ये आय-लीग आली, आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी आल्या, खेळाडू पूर्ण वेळ व्यावसायिक झाले आणि खर्च अनेक पटींनी वाढला. तो खर्च पुन्हा त्याच एका खिशातून भागवायचा होता. पंजाबात जेसीटीने २०११ मध्ये संघ गुंडाळला तो याच वळणावर. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता तोच होता.

पुण्याची कथा या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. अवघ्या बारा वर्षांत, २००७ ते २०१९ या काळात, या एका शहरात राष्ट्रीय पातळीवर खेळलेले चार संघ नाहीसे झाले आणि चौघांचेही घरचे सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला पुणे एफसी हा त्यांतला सर्वांत गंभीर प्रयत्न होता. दुसऱ्या श्रेणीतून खेळून तो वर आला, २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग मोसमात तिसरा आला, २०१२-१३ मध्ये उपविजेता ठरला, २०१४ मध्ये एएफसी चषकात खेळला. त्याची अकादमी देशातल्या चांगल्या अकादमींमध्ये गणली जात होती. सहा मोसमांनंतर, २०१५ मध्ये, समूहाने हात काढून घेतला. कल्याणी समूहाच्या भारत एफसीला २०१४-१५ साठी आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला होता. तो संघ एकच मोसम टिकला. डीएसके शिवाजियन्सला २०१५-१६ मध्ये तसाच थेट प्रवेश मिळाला आणि तो दोन मोसम टिकला. फ्रँचायझींच्या इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी पाच मोसम खेळला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली. यात मुंबई एफसीची भर घाला. एस्सेल समूहाचा हा संघ २००८ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला आणि नऊ मोसम आय-लीगमध्ये राहिला. खेळून वर आलेले दोघे नऊ आणि सहा मोसम, आणि जागा घेऊन आलेले तिघे पाच, दोन आणि एक मोसम. संख्या लहान आहे, तिच्यावरून शास्त्र उभे करता येणार नाही, हे मान्य. तरी एकूण रोख लपत नाही. जो संघ खालून वर येतो त्याला वर येईपर्यंत प्रशिक्षक, मुले, सवयी आणि थोडेफार पाठीराखे जमवावेच लागतात. जागा विकत घेणाऱ्याला तसे काही करावे लागत नाही, म्हणून सोडून जातानाही त्याचे फारसे काही अडकून पडत नाही.

थेट प्रवेशाने दुसरे नुकसान केले ते वर्गवारीच्या विश्वासार्हतेचे. २०१४-१५ मध्ये भारत एफसी तळाला राहिला, पण थेट प्रवेशाच्या अटींमुळे त्याला घसरणीतून सूट होती. त्याच्या एक पायरी वर असलेला, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो खाली गेला. पुढच्या वर्षी हेच पुन्हा घडले. शेवटचा आलेला डीएसके शिवाजियन्स वाचला आणि त्याच्या वर असलेल्या मिझोरमच्या आयझॉलवर गदा आली. यानंतर जे घडले ते या साऱ्या वादाचे उत्तरच आहे. लीगच्या फेररचनेला विरोध म्हणून गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेम्पो या क्लबांनी अंग काढून घेतले, आयझॉलला परत घेतले गेले आणि त्या संघाने २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. प्रशिक्षक होते खालिद जमील, जे महिंद्राकडून आणि मुंबई एफसीकडून खेळले होते आणि ज्यांनी सात वर्षे मुंबई एफसीला प्रशिक्षण देऊन खालच्या गटात जाऊ दिले नव्हते. त्यांच्याविना मुंबई एफसी त्याच मोसमात शेवटचा आला, घसरला आणि संपला. घसरण झाली म्हणून क्लब संपत नाही, खालच्या श्रेणीत राहून पुन्हा चढता येते. पण मुंबई एफसीच्या घसरणीनंतर दुसऱ्या श्रेणीत त्याच्यासाठी पैसे घालायला मालक तयार नव्हता आणि मालकाशिवाय क्लबचे दुसरे कोणी नव्हते. आयझॉलकडे मुंबईच्या तुलनेत तुटपुंजा पैसा होता. पण त्या राज्यात स्थानिक लीग होती, ती घराघरात दाखवणारी झोनेट ही स्थानिक केबल वाहिनी होती, आणि संघ जिंकला तर रस्त्यावर उतरणारे शहर होते.

आता मैदानाचा प्रश्न. फुटबॉल क्लबचे उत्पन्न तिकिटे, जाहिराती, प्रक्षेपणाचा वाटा, खेळाडूंची विक्री आणि सामन्याच्या दिवशी मैदानावर होणारी खाण्यापिण्याची व वस्तूंची विक्री यांतून येते. यातला पहिला आणि शेवटचा वाटा ज्याच्या ताब्यात मैदान आहे त्याला मिळतो. आपल्याकडे बालेवाडीचे संकुल शासनाचे आहे. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. अंधेरीचे क्रीडासंकुल मुंबई महानगरपालिकेचे आहे आणि नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम मुळात क्रिकेटचे. क्लब येथे भाडेकरू. भाडेकरू माणूस भिंतीत खिळा ठोकतानाही विचार करतो, तो प्रेक्षागृहाचा मजला कसला वाढवणार? याचा पुरावा आयएसएलमधल्या मुंबई सिटी या क्लबच्याच वाटचालीत आहे. २०२०-२१ मध्ये या संघाने आयएसएलचे दोन्ही मान मिळवले. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मात्र २०२३ मध्ये त्याच स्पर्धेचे घरचे सामने त्याला अंधेरीत खेळता आले नाहीत. पहिला सामना पुण्याला बालेवाडीत झाला आणि सौदी अरेबियाच्या अल-हिलालविरुद्धचा नेरूळला. देशाच्या आर्थिक राजधानीतला विजेता संघ आशियाई दर्जाच्या मैदानासाठी दुसऱ्या शहरात जातो, यात क्लबचा दोष मी मानत नाही. ज्याच्या नावावर पाच वर्षांनंतरच्या भाडेकराराचीही खात्री नाही, त्याने स्टेडियमच्या विस्तारात पैसे घालावेत, अशी अपेक्षाच अवाजवी आहे.

या सगळ्याच्या उलट टोकाला कोल्हापूर आहे. तिथे फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या नावांपुढे आजही तालीम मंडळ लागते. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ हे संघही पेठेचे आणि उपनगराचे. तालीम म्हणजे कुस्तीचा हौदा, गणेशोत्सव, मंडळाची बैठक आणि त्यातच फुटबॉलचा संघ. पैसा कुठून येतो? पेठेतली वर्गणी, एखाद्या नगरसेवकाची किंवा व्यापाऱ्याची मदत, जिंकलेल्या चषकाचे बक्षीस, आणि जुन्या खेळाडूंची पदरमोड. तो जातो किट, बूट, खुराक आणि बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या मानधनावर. यात आफ्रिकी खेळाडूही असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरिष्ठ गटातून खाली जाण्याची टांगती तलवार खरी असते, आणि ती चुकवण्यासाठी पेठ मोसमभर राबते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशा सामन्याला जो जमाव बसतो, तसा जमाव राज्यात कितीतरी व्यावसायिक क्लबांना मोसमभर लाभला नाही. त्यातून हुल्लडबाजीही झाली आहे, सामने थांबले आहेत, संघांवर कारवाईही झाली आहे. ती कोल्हापूरच्या फुटबॉलला लागलेली खरी कीड आहे आणि तिचे समर्थन कोणी करू नये. पण पिढ्यान्पिढ्या इथले संघ टिकले, मालक आले-गेले याने त्यांना फरक पडला नाही, कारण मालक नव्हताच. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो भारताकडून खेळला. मात्र त्याला तिथवर पोहोचायला कोल्हापूर सोडून पुण्याला जावे लागले. पेठेच्या संघाला वर जाण्याची शिडी नव्हती. परवान्याच्या अटी, प्रवासाचा खर्च, नोंदणीकृत कंपनी, अकादमी या पायऱ्या वर्गणीच्या पैशाने चढता येत नाहीत. मुंबई-पुण्याकडे पैसा होता आणि मुळे नव्हती, कोल्हापूरकडे मुळे होती आणि शिडी नव्हती. महाराष्ट्राच्या फुटबॉलचे दुखणे या दोहोंच्या मध्ये आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की नुसत्या पाठीराख्यांनी बिले भागत नाहीत. कोलकात्याचा १८८९ चा मोहन बागान घ्या, लाखो चाहते असूनही त्याला २०२० मध्ये आपला बहुतांश हिस्सा उद्योगसमूहाला द्यावा लागला. हे खरे आहे. पण त्याच शहरातल्या ईस्ट बेंगालकडे पाहा. २०१८ मध्ये क्वेस आली आणि दोन वर्षांत गेली, २०२० मध्ये श्री सिमेंट आली आणि २०२२ मध्ये गेली, मग इमामी आली. चार वर्षांत दोन गुंतवणूकदार सोडून गेले तरी क्लब उभा राहिला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याने सुपर कप जिंकला. महिंद्राने एकदा हात काढला आणि संघ संपला. सभासदांचा क्लब गुंतवणूकदाराला हवा असतो, सोडून गेलेल्याच्या जागी दुसरा येतो, कारण विकत घेण्यासारखे काहीतरी मागे उरलेले असते. दुसरा आक्षेप फ्रँचायझीच्या बाजूने आहे: घसरणीची भीती नसली तर मालक निर्धास्तपणे दीर्घकाळ पैसे घालतो. आयएसएलने २०१४ मध्ये नेमका हाच युक्तिवाद केला होता. तो सिद्ध झाला नाही. एफसी पुणे सिटीला घसरणीची भीती नव्हती, तरी तो पाच मोसमांत गेला. जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पण आयएसएल ज्यावर उभी होती तो, २०१० मध्ये भारतीय महासंघाने केलेला पंधरा वर्षांचा व्यापारी हक्कांचा करार संपत आला, लीग अधांतरी लटकली आणि डिसेंबर २०२५ मध्ये या समूहाने आपला हिस्सा सोडला. घसरण नसलेली लीगही मालकाला थांबवू शकली नाही. तिसरा आक्षेप गोव्याचा: डेम्पो तर एका उद्योग घराण्याचाच क्लब, मग तो का टिकला? टिकला, कारण राष्ट्रीय लीग सोडल्यावरही त्याला खेळायला गोव्याची चुरशीची प्रो लीग होती, अकादमी चालू होती, आणि तिथून २०२४ मध्ये तो पुन्हा आय-लीगमध्ये आला. घराणे एक असले तरी खाली जमीन होती. पुण्याच्या क्लबांच्या पायाखाली तशी जमीन नव्हती.

बाहेरच्या जगात याची उत्तरे शोधून ठेवलेली आहेत. जर्मनीत बहुतांश क्लबांमध्ये मताधिकाराचा मोठा वाटा सभासदांकडेच राहिला पाहिजे, असा नियम आहे. उद्योगपती पैसा घालू शकतो, क्लब बंद करू शकत नाही. इंग्लंडमध्ये २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब शहराबाहेर मिल्टन कीन्सला नेण्यास परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला. तो अगदी खालच्या, हौशी पायरीपासून खेळत २०११ मध्ये, नऊ मोसमांत, फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. २०२० मध्ये त्याने जुन्या परिसरात प्लाऊ लेन हे स्वतःचे मैदान उभे केले, आणि त्यासाठी चाहत्यांनी रोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. इंग्लंडचे उत्पन्न आणि आपले उत्पन्न यांची तुलना होत नाही, हे उघड आहे. पण क्रम पाहण्यासारखा आहे: आधी सभासद, मग बढती, मग मैदान. आपण बालेवाडीत आधी मैदान बांधले, मग जागा विकली आणि सभासद कधीच केले नाहीत.

हा विषय मोठ्या शहरांपुरता नाही, म्हणून मुद्दाम त्र्यंबकेश्वरचे उदाहरण घेतो. बारा हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव, नाशिकपासून अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर. तिथल्या मुलांनी उद्या क्लब काढला तर २०२३ पासून सुरू झालेल्या तिसऱ्या श्रेणीमुळे निदान कागदावर तरी शिडी पूर्ण आहे: जिल्हा, राज्य, तिसरी श्रेणी, दुसरी श्रेणी, आय-लीग आणि तिच्या विजेत्याला आयएसएल. २०२३ मध्ये पंजाबच्या राउंडग्लासने आणि २०२४ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मडनने ही शेवटची पायरी चढून दाखवली. आपल्याच केंकरे एफसीने २०२१-२२ मध्ये आय-लीग गाठली आणि पुढच्या मोसमाअखेर ती गमावली. वर जाणे शक्य आहे, टिकणे कठीण आहे. टिकण्याचा धडा त्याच गावात उभा आहे. त्र्यंबकेश्वराचे आजचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतले. ते १७६१ मध्ये गेले, तरी काम पुरे झाले. १८१८ मध्ये पेशवाईच संपली, तरी देवळाचा व्यवहार थांबला नाही, कारण तो एका आश्रयदात्याच्या मर्जीवर उभा नव्हता. गावाचे हक्क, उत्पन्ने आणि जबाबदाऱ्या त्यात गुंतल्या होत्या. क्लबचीही घडण अशीच करावी लागते.

यातून मागण्या चारच निघतात आणि चारही करण्याजोग्या आहेत. शासनाच्या आणि पालिकांच्या क्रीडासंकुलांतली फुटबॉल मैदाने नोंदणीकृत, सभासद असलेल्या क्लबांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावीत, म्हणजे सामन्याच्या दिवसाचे उत्पन्न आणि विस्ताराची जबाबदारी दोन्ही क्लबकडे येईल. ज्या उद्योगसमूहाला क्लब काढायचा आहे त्याने सभासदांना मताधिकाराचा वाटा द्यावा आणि निघून जायचे झाल्यास नाव, अकादमी व नोंदणी सभासदांच्या स्वाधीन करावी, अशी अट राज्य संघटनेने घालावी. कोल्हापूरच्या पेठांनी आपापसातले वैर लीगपुरते ठेवून राष्ट्रीय श्रेणीसाठी एक सामाईक सभासद-क्लब उभा करावा. शाहू स्टेडियमचे प्रेक्षक त्याला पहिल्या दिवसापासून मिळतील. त्र्यंबकेश्वरात सिंहस्थासाठी जी कामे होतील त्यांतून गावाच्या मुलांना कायमचे एक सपाट मैदान मिळावे, एवढीही मागणी मोठी नाही. धनिकाच्या दारात जाण्याआधी पाचशे सभासदांच्या पावत्या फाडा. मालक मिळाला तर उत्तम, पण तो गेला तरी क्लब उरला पाहिजे.